रिअर ॲडमिरलचा बावटा कलमीवर

गेल्या पावसाळ्यात शाळेच्या सभागृहाची समोरची भिंत गळून खराब झाली. गिलावा करून घेतला, पांढरा हात मारला, आणि मग मुख्याध्यापकांना ती भिंत मोकळी बघवेना. अशा वेळी निवृत्त झालेल्या चित्रकलेच्या बाईंची आठवण हमखास होते. "बाई, महाराजांचा दरबार काढा," असं सरांचं म्हणणं. दरबार आमच्या तालुक्यात निदान प्रत्येक दुसऱ्या शाळेत आहे आणि त्यातले बरेचसे एकाच कॅलेंडरवरून उतरवलेले आहेत. मी म्हटलं, विजयदुर्ग इथून हाकेच्या अंतरावर आहे, तर विजयदुर्गाची लढाई काढू. जिंकलेली नाही, हरलेली. सरांचा चेहरा जरा पडला, पण भिंत फुकट रंगवून मिळत असेल तर कोण कशाला जास्त बोलेल!

लढाई फेब्रुवारी १७५६ ची. तुळाजी आंग्रे विजयदुर्गात. बाहेर इंग्रजांचं आरमार, जमिनीवर पेशव्यांची फौज. म्हणजे नानासाहेबांनी आपल्याच आरमाराचा काटा काढायला इंग्रजांना बोलावलेलं. या मुद्द्यावर आमच्याकडे चहाच्या टपरीवर अजून भांडणं होतात, मी त्यात शिरत नाही. आदल्या वर्षी एप्रिलमध्ये कमोडोर विल्यम जेम्सने सुवर्णदुर्ग घेतला होता. तो कंपनीच्या मुंबईच्या आरमारातला माणूस. विजयदुर्गाला मात्र इंग्लंडच्या राजाचं आरमार आलं. त्याचा मुख्य चार्ल्स वॉटसन, त्याचं जहाज केंट, सत्तर तोफांचं. दुसरा जॉर्ज पोकॉक, त्याचं जहाज कंबरलँड. टायगर, सॅलिसबरी आणि बाकीची लहानमोठी बरोबर होती. सैन्याचा अधिकारी रॉबर्ट क्लाइव्ह, प्लासीच्या आधीचा. १२ तारखेला जहाजं वाघोटणच्या खाडीत शिरली, किल्ल्यासमोर नांगर टाकून आडवी उभी राहिली आणि तोफा सुरू झाल्या. एक गोळा 'रिस्टोरेशन' नावाच्या जहाजावर पडला. ते मुळात इंग्रजांचंच, तुळाजीने पकडून आणलेलं. त्याला आग लागली, ती शेजारच्या गुराबांना, म्हणजे आंग्र्यांच्या लढाऊ जहाजांना लागली, आणि आंग्र्यांचं उभं आरमार संध्याकाळपर्यंत जळून गेलं. १३ ला किल्ला पडला.

मी शाईचं चित्र करायचं ठरवलं. मोठे कागद जोडून, काळी शाई, टाक आणि धुरासाठी पातळ केलेल्या शाईचे हात. आमच्या खाऱ्या हवेत रंगापेक्षा शाई जास्त टिकते हा माझा जुना अनुभव, आणि त्या दिवशी विजयदुर्गात धुराखेरीज फारसं काही दिसत असेल असं मला वाटत नाही. केंट पुढे घेतली, नाळ, म्हणजे पुढचं टोक, जरा आपल्याकडे वळलेली, तीन डोलकाठ्या सुट्या सुट्या दिसतील अशी. आणि मग प्रश्न आला की वॉटसनचा बावटा कुठे लावायचा.

बावटा म्हणजे देशाचा झेंडा नव्हे. तो जहाजाच्या मागच्या टोकाला, कुल्ल्यावर असतो, मोठा. हा अधिकाऱ्याचा स्वतःचा. या जहाजावर आरमाराचा मुख्य बसला आहे, हुकूम इथून सुटणार, सगळ्यांनी नजर इकडे ठेवायची, हे सांगणारा. म्हणूनच अशा अधिकाऱ्यांना इंग्रजीत 'फ्लॅग ऑफिसर' म्हणतात आणि त्यांच्या जहाजाला 'फ्लॅगशिप'. आपण हा शब्द आता मोबाइल फोनलासुद्धा लावतो.

माझा मोठा भाऊ नौदलात सिग्नलवाला होता. बावटे चढवणं, उतरवणं, दुसऱ्या जहाजाचे वाचणं, रात्री दिव्याने बोलणं, यात त्याचं आयुष्य गेलं. निवृत्तीनंतर घरी आला तो कलमं आणि कोर्टातली हद्दीची केस यांत रमला, पण दुर्बीण अजून खुंटीला आहे. मी कागद ओट्यावर पसरून बसले होते. दादा आला, उभ्याउभ्या बघितलं आणि म्हणाला, "ह्यो बावटो चुकीच्या डोलकाठीर काढलंस, बाय."

मी तो सगळ्यात मागच्या डोलकाठीवर काढला होता. कलमीवर, आमच्याकडचे जुने तांडेल म्हणत तसं.

"साहेबाचो बावटो सगळ्यात वयर. मधल्या डोलकाठीर. ह्यात इचारूचा काय आसा?"

म्हटलं, दादा, तुझ्या काळातल्या जहाजाला मुळात डोलकाठ्या होत्या किती?

तो थांबला. मग म्हणाला, "म्हणान काय आडमिरल मागे बसता?"

एका अर्थाने हो. शिडांच्या काळात मोठं आरमार तीन तुकड्यांत चालायचं. मधली तुकडी मुख्य ॲडमिरलची, पुढची व्हाइस ॲडमिरलची, आणि मागची रिअर ॲडमिरलची. 'रिअर' तो तिथला. आणि जहाजाला तीन डोलकाठ्या. मग ॲडमिरलचं निशाण मधल्या डोलकाठीच्या टोकाला, व्हाइस ॲडमिरलचं पुढच्या, रिअर ॲडमिरलचं मागच्या. समुद्रावर पसरलेल्या आरमाराचा नकाशा प्रत्येक जहाजाच्या अंगावर उभा करून ठेवलेला. पाहणाऱ्याला कापडावर काय काढलंय ते दिसलं नाही तरी चालतं, कुठल्या काठीवर फडकतंय एवढं दिसलं की पुरे. खाऱ्या धुक्यात, दोन कोसांवरून, हलत्या डेकवरून बघणाऱ्याच्या डोळ्याचा याहून चांगला विचार कुणी केला असेल असं मला वाटत नाही. मी आयुष्यभर मुलांना शिकवलं की चित्र लांबून वाचता आलं पाहिजे. तेच हे.

वॉटसन त्या वेळी रिअर ॲडमिरल होता. विजयदुर्गापुढे उभ्या असलेल्या अख्ख्या आरमाराचा मुख्य तोच, पण हुद्दा रिअर ॲडमिरलचा, तेव्हा निशाण कलमीवर. पोकॉकही रिअर ॲडमिरलच, दर्जाने त्याच्या खाली. म्हणजे कंबरलँडवरचाही कलमीवर. माझ्या चित्रात दोन जहाजांच्या मागच्या डोलकाठ्यांवर दोन बावटे आहेत आणि मधल्या डोलकाठ्यांची टोकं साहेबाच्या बावट्यावाचून. बघणाऱ्यांपैकी कुणी ना कुणी दादासारखं बोलणारच.

पण एकाच हुद्द्याचे दोघे असले तर वरचा कोण, हे कसं कळायचं? त्याला रंग होता. इंग्रज आरमाराचे तीन रंग, तांबडा, पांढरा, निळा. तांबडा वरचा, निळा खालचा. प्रत्येक रंगात तीन हुद्दे. निळ्याचा रिअर ॲडमिरल म्हणजे तळाची पायरी, तिथून पांढऱ्याचा, मग तांबड्याचा, मग निळ्याचा व्हाइस ॲडमिरल, अशी चढण. गंमत म्हणजे तांबड्याचा ॲडमिरल असा स्वतंत्र हुद्दा १८०५ पर्यंत नव्हताच, तो ट्राफल्गारच्या समुद्री लढाईनंतर झाला. तांबड्या आणि निळ्या तुकडीच्या अधिकाऱ्याचा बावटा त्या रंगाचा साधा, पांढऱ्या तुकडीचा मात्र पांढऱ्यावर तांबडा क्रॉस, सेंट जॉर्जचा. हा क्रॉस लक्षात ठेवा, तो पुढे आपल्या घरापर्यंत येतो.

ट्राफल्गारचंच बघा. २१ ऑक्टोबर १८०५. व्हिक्टरी जहाजाच्या पुढच्या डोलकाठीवर पांढऱ्यावर तांबडा क्रॉस. पुढची डोलकाठी म्हणून व्हाइस ॲडमिरल, क्रॉस म्हणून पांढरी तुकडी. हा नेल्सन. रॉयल सॉव्हरिनच्या पुढच्या डोलकाठीवर निळा. म्हणजे कॉलिंगवुड, हुद्दा तोच पण नेल्सनच्या खालचा. ब्रिटानियाच्या मागच्या डोलकाठीवर परत क्रॉस, तो नॉर्थेस्क, पांढऱ्या तुकडीचा रिअर ॲडमिरल. तीन कापडं, तीन जागा, आणि कोण कुणाच्या वर हे एक शब्द न उच्चारता कळलं. जगाला एवढा माहीत असलेला नेल्सन पूर्ण ॲडमिरल कधी झालाच नाही, हेही त्या काठीवरून समजतं. मधल्या डोलकाठीवर स्वतःचं निशाण चढवायची वेळ त्याच्यावर आली नाही.

दादाने हे सगळं ऐकून घेतलं, सुपारी कातरत. "मगे ह्या मोडला कशान?"

वाफेने. शिडं गेली, मग डोलकाठ्यांचं कामच उरलं नाही. तीनच्या दोन झाल्या, दोनाची एक. १८६४ मध्ये इंग्रजांनी तीन रंगांची वाटणीही बंद केली. तांबडा ध्वज व्यापारी जहाजांना दिला, पांढरा आरमाराने स्वतःकडे ठेवला. झालं असं की जो क्रॉस फक्त पांढऱ्या तुकडीच्या ॲडमिरलांचा होता तो आता सगळ्याच ॲडमिरलांचा झाला, आणि जागेवरून हुद्दा ओळखायची सोयही गेली. एकच काठी, एकच क्रॉस. मग त्यांनी क्रॉसच्या कोपऱ्यांत गोळे घातले. व्हाइस ॲडमिरलला एक, काठीकडच्या वरच्या चौकोनात. रिअर ॲडमिरलला दोन, काठीकडचेच, वर एक आणि खाली एक. पूर्ण ॲडमिरलला काहीच नाही, नुसता क्रॉस.

"दोन टिकल्ये म्हणजे लहान?" दादाने मुद्दामच विचारलं, कारण हे त्याला माझ्यापेक्षा चांगलं ठाऊक.

हो, जितक्या टिकल्या जास्त तितका साहेब लहान. अमेरिकेत नेमकं उलटं, निळ्या कापडावर पांढरे तारे आणि जितके तारे जास्त तितका मोठा. ते समजायला सोपं आहे हे मान्य. तरी मला इंग्रजांची पद्धत चित्र म्हणून आवडते. सगळ्यात मोठ्याला सगळ्यात कमी. आमच्याकडे लग्नात खऱ्या श्रीमंत मामाच्या अंगावर एक साधं उपरणं असतं, आणि अंगठ्या दुसऱ्याच कुणाच्या तरी बोटांत असतात, तसं काहीसं.

काठीवरून हरल्यावर दादाने आपल्या हद्दीत जाऊन मला गाठलं. माझ्या चित्रातला बावटा त्याला बघवेना, कारण मी तो अर्धवट वर चढत असताना, फडफडत, काढला होता. मला हालचाल हवी होती. तो म्हणाला, साहेबाचा बावटा असा फडफडत वर जात नाही. तो गुंडाळलेला वर जातो आणि टोकाला जाऊन उघडतो. मला पटेना, तेव्हा उठून आत गेला, वहिनीचा धुवून ठेवलेला पंचा घेऊन आला.

पंचा लांबीत दोनदा दुमडला. मग घट्ट गुंडाळत गेला, बिडी वळतात तसा नाही, त्याहून सावकाश, दर वेटोळ्याला अंगठ्याने हवा काढत. गुंडाळी झाल्यावर तिच्यावर दोरीच्या खालच्या टोकाचे दोन फेरे घेतले आणि दोरीचाच एक फासा त्या फेऱ्यांखाली सरकवला. गाठ नाही. "गाठ मारलंय तर मेलंस," असं म्हणाला. अंगणातल्या वाळवणाच्या काठीवरून दोरी टाकली, गुंडाळी वर ओढली. वर ती नारळाच्या सुंभाच्या पेंडीएवढी दिसत होती, कशाची आहे ते कळू नये अशी. मग त्याने खालच्या दोरीला एक झटका दिला. एकच, मनगटातून. फासा सुटला आणि पंचा एकदम उघडून वाऱ्यावर गेला.

वहिनी स्वयंपाकघराच्या दारातून बघत होती. तिने पंचा परत धुवायला टाकला.

नवा ॲडमिरल ताफ्याची सूत्रं घेतो तेव्हा सकाळी आठच्या ठोक्याला हेच करायचं असतं. बँड उभा, गारद उभी, सगळ्यांच्या माना वर. झटका दिला आणि उघडला नाही तर? दादाच्या वेळी असं एकदा झालं, कुठल्या जहाजावर ते तो सांगत नाही आणि मीही विचारत नाही. दवाने दोरी फुगली होती आणि फासा घट्ट बसला. तीन झटके दिले. बँड वाजून संपला. शेवटी एका पोराला शिडीने वर धाडलं, तो दाताने दोरी सोडवून खाली आला. ॲडमिरल काही बोलले नाहीत. जे बोलायचं ते नंतर चीफ बोलला, आणि ते ओट्यावर बसून सांगण्यासारखं नाही. त्यानंतर दादा आदल्या संध्याकाळी गुंडाळी करून ती आपल्या खणात कोरडी ठेवायचा.

एक गोष्ट मला नवीन कळली. कुठल्याही लढाऊ जहाजाच्या डोलकाठीच्या टोकाला एक लांब निमुळती पट्टी असते, जहाज सेवेत आल्या दिवसापासून, दिवसरात्र. अधिकाऱ्याचं निशाण चढलं की ती पट्टी उतरते. तो जहाज सोडून गेला की त्याचं निशाण खाली आणि पट्टी परत वर. किनाऱ्यावर गाडीलाही तोच कायदा. पुढे छोटा बावटा आणि ताऱ्यांची पाटी. साहेब गाडीत नसेल तर पाटी आणि बावटा झाकायचे. ड्रायव्हर एकटा पेट्रोल भरायला निघाला आणि पाटी उघडी राहिली तर वाटेतले सगळे शिपाई रिकाम्या गाडीला सलाम ठोकतात. हे दादाने इतक्या रंगात येऊन सांगितलं की एकदा तरी त्याने स्वतः ठोकलेला असणार.

म्हणजे निशाण जहाजाचं नसतंच, माणसाचं असतं, आणि माणूस हलला की तेही हलतं. पोकॉकचंच पुढे काय झालं बघा. विजयदुर्गानंतर हेच आरमार बंगालात गेलं, कलकत्ता परत घेतलं आणि मार्च १७५७ मध्ये फ्रेंचांच्या चंदननगरवर चालून गेलं. कंबरलँड मोठी, हुगळीत तिला वर जाता येईना. पोकॉक होडीत बसून पुढे गेला आणि टायगरवर चढून तिथे आपला बावटा लावला. टायगर सकाळी साधं जहाज होतं, आता फ्लॅगशिप. त्या लढाईत केंटची इतकी चाळण झाली की ती पुन्हा समुद्रावर न्यायच्या लायकीची राहिली नाही, आणि ऑगस्टमध्ये वॉटसन कलकत्त्यातच तापाने गेला. ट्राफल्गारला नेल्सन पडल्यावर कॉलिंगवुडनेही हेच केलं. त्याच्या रॉयल सॉव्हरिनच्या डोलकाठ्या उडाल्या होत्या, म्हणून तो युरियालस नावाच्या फ्रिगेटवर गेला. बावटा लावायला काठी तरी हवी!

आणि एकाच जहाजावर दोन सारखेच मोठे आले तर? २ सप्टेंबर १९४५, टोकियोच्या उपसागरात मिसुरी जहाजावर जपानची शरणागती. एका बाजूला भूसेनेचा मॅकआर्थर, दुसऱ्या बाजूला नौदलाचा निमिट्झ, दोघेही पाच ताऱ्यांचे. कुणाचं वर लावणार? दोन्ही निशाणं शेजारी शेजारी लावली, एक तांबडं, एक निळं. त्या दिवशीच्या दोऱ्या कुणाच्या हातात होत्या कोण जाणे. दादाला मी हे सांगितलं तेव्हा महायुद्ध संपल्याचं सोडून तो म्हणाला, "दोन्ही एकाच वक्ताक उघडूचे. झटको एकच."

आता तो क्रॉस. स्वातंत्र्यानंतर आपल्या नौदलाने इंग्रजांची पद्धत बरीचशी तशीच ठेवली. २६ जानेवारी १९५० ला ध्वजातला युनियन जॅक गेला, तिथे तिरंगा आला, पण तांबडा क्रॉस राहिला. अधिकाऱ्यांचे बावटेही त्याच क्रॉसवर बेतलेले. पहिले भारतीय नौदलप्रमुख रामदास कटारी, एप्रिल १९५८ पासून, हुद्दा व्हाइस ॲडमिरल. त्यांच्यानंतर १९६२ मध्ये भास्कर सदाशिव सोमण, तेही व्हाइस ॲडमिरल. सोमण हे नाव आमच्या घरी आदराने घेतलं जातं, कारण डिसेंबर १९६१ मध्ये गोवा मुक्त झाला तेव्हा रिअर ॲडमिरल म्हणून ताफा त्यांच्या हाताखाली होता. आमचे वडील तेव्हा पणजीच्या बातम्यांसाठी रेडिओवाल्या शेजाऱ्याकडे रात्रभर बसले होते. पूर्ण ॲडमिरल पहिले झाले ते चॅटर्जी, १९६८ मध्ये. तोवर नौदलप्रमुखाच्या माथ्यावरसुद्धा दुसऱ्या दर्जाचाच बावटा होता. १९७१ च्या युद्धात पश्चिम ताफ्याचं निशाण म्हैसूर या क्रूझरवर होतं, रिअर ॲडमिरल कुरुविल्ला यांचं. दादा तेव्हा नवखा, दुसऱ्या एका जहाजावर. त्या दिवसांत दुर्बिणीतून म्हैसूर शोधायची तर तो आधी डोलकाठी शोधायचा, नंतर जहाज.

२००१ च्या १५ ऑगस्टला नौदलाच्या ध्वजावरून क्रॉस काढला आणि निळ्या रंगात नौदलाचं बोधचिन्ह आलं. २००४ मध्ये क्रॉस परत आला, मधोमध आपली सिंहमुद्रा घेऊन. परत आणण्याचं कारण असं सांगितलं गेलं की निळं चिन्ह आभाळात आणि पाण्यात मिसळून जायचं, ओळखू यायचं नाही. या बदलावर तेव्हा बरंच राजकारण बोललं गेलं. मला चित्रकलेची बाई म्हणून ते कारण शंभर टक्के खरं वाटतं. निळ्यावर निळं काढू नये हे मी पाचवीच्या मुलांनाही सांगते. २ सप्टेंबर २०२२ ला कोचीत विक्रांत सेवेत आली त्या दिवशी क्रॉस कायमचा गेला. आता पांढऱ्यावर तिरंगा आणि सोनेरी काठाचा निळा अष्टकोन, महाराजांच्या राजमुद्रेवरून घेतलेला, आत सिंहमुद्रा आणि नांगर, खाली 'शं नो वरुणः'. अष्टकोनही निळाच आहे, पण सोनेरी काठ दुहेरी असल्याने तो सुटून दिसतो. ज्याने तो काठ घातला त्याला माझे पूर्ण गुण.

पुढच्या वर्षी ४ डिसेंबरला नौदल दिन इथे सिंधुदुर्गात झाला. तारकर्लीच्या किनाऱ्यावर माणसाला माणूस लागलेला. दादाला टोपी घालून नेलं होतं. ॲडमिरलांच्या खांद्यावरच्या पट्ट्याही आता राजमुद्रेच्या अष्टकोनाने सजणार हे तिथेच जाहीर झालं, लोकांनी टाळ्या वाजवल्या. दादा दुर्बीण लावून लांबच्या जहाजांच्या डोलकाठ्या बघत होता. विमानं डोक्यावरून गेली तेव्हाही त्याने दुर्बीण खाली घेतली नाही. शेजारच्या पोराने विचारलं, "आजोबा, काय दिसता?" तर म्हणाला, "पट्टी आसा. साहेब नाय."

चित्राकडे परत येते, कारण दोन गोष्टी सांगायच्या राहिल्या. पहिली, केंटच्या नाळेवरचा छोटा युनियन जॅक. मागे एकदा स्नेहसंमेलनात विजयदुर्गाचं नाटुकलं बसवलं होतं, त्यात गोऱ्यांच्या हातात दुकानातून आणलेला आजचा युनियन जॅक होता. १७५६ मध्ये तो तसा नव्हता. सेंट पॅट्रिकचा तिरपा तांबडा क्रॉस त्यात १८०१ मध्ये आला, आयर्लंड जोडल्यावर. तेव्हा माझ्या चित्रात तिरप्या रेघांच्या आतली ती बारीक रेघ नाही. मुलांनी 'बाई, रेघ राहिली' म्हटलं तर त्यांना हे सांगावं, ही शिक्षकांना विनंती.

दुसरी तुळाजीची माणसं. केंटवरचा शल्यवैद्य एडवर्ड आइव्ह्ज याने लिहून ठेवलंय की किल्ला पडल्यावर वॉटसन आंग्र्यांच्या कुटुंबाला भेटायला गेला, आणि एका सहा वर्षांच्या पोराने त्याचा हात धरून आता तूच माझा बाप असं म्हटलं. लिहिणारा त्यांच्याच जहाजावरचा. त्यामुळे किती धरावं ते ज्याने त्याने ठरवावं. लुटीचे दहा लाख रुपये त्यांनी आपसात वाटून घेतले हे मात्र पक्कं. मी ते पोर चित्रात घेतलं नाही. बुरुजावर तोफेपाशी जी माणसं आहेत त्यांचेच चेहरे काढले, इतक्या लांबून दिसले नसते तरी. तुळाजीच्या गुराबांचा नुसता धूर आहे, खालून फळ्यांची टोकं निघालेली.

अर्धवट चढलेला बावटा मी खरवडून काढला आणि पूर्ण उघडलेला घातला. दादाला दाखवला. त्याने दोरीकडे बोट दाखवलं. झटका दिल्यावर दोरी सैल सुटते, ती डोलकाठीला चिकटून सरळ राहत नाही, वाऱ्याकडे पोट काढते. तेवढी दुरुस्ती केली.

चित्र सभागृहात आहे, आत शिरल्यावर समोरच. शाळेच्या वेळेत कुणीही येऊन बघू शकतं, शनिवारी दुपारनंतर कुलूप असतं. आणि येणार असलात तर दादाला आधी सांगू नका, तो तिथे येऊन बसतो आणि मग तुमची एसटी चुकते.